गाडीत कोण आहे म्हणून सांगतो तो?

चिमे, फोनवर मी नुसतं 'बघू, बघू' करत होते ते तुला टाळायला नव्हे. मागे मावशी ओट्यापाशी उभी होती आणि तिचे कान तुला माहीत आहेत. आता निवांत बसलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न तुझा एवढाच ना, की ज्याच्याशी आता लग्न करायचं म्हणतेस त्याला तुझ्या मोडलेल्या साखरपुड्याचं सांगायचं की नाही? मावशीचं मत मला तोंडपाठ आहे. "साखरपुडाच झाला होता, लग्न थोडंच? कशाला उकरून काढायचं?" तिला मी नावं ठेवणार नाही. तिच्या काळात साखरपुडा मोडलेल्या मुलीचं पुन्हा जमवायचं म्हणजे चार गावं लांबचं स्थळ बघायचं, मध्यस्थाला चहा पाजायचा आणि कुणी विषय काढलाच तर "पत्रिका जुळली नाही" म्हणून वेळ मारून न्यायची, हीच रीत होती. त्यात लबाडीपेक्षा धास्तीच जास्त होती. पण तू मला विचारलंस, तर मी माझ्या पद्धतीनं सांगणार. आणि माझी पद्धत म्हणजे आधी गोष्ट. जांभया देऊ नकोस, तुझ्या कामाची आहे.

'तीसरी कसम' हा सिनेमा तू पाहिलेला नाहीस हे मला माहीत आहे. राज कपूर, वहिदा रहमान, बैलगाडी आणि गाणी, एवढ्यावर तुझी माहिती संपते. १९६६ सालचा, बासू भट्टाचार्यांचा. गीतकार शैलेंद्रनं स्वतः पैसा घालून काढला, त्यात तो कर्जात बुडाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेला. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण मी सांगणार आहे ती मूळ कथा, फणीश्वरनाथ रेणूंची. 'तीसरी कसम, उर्फ मारे गए गुलफाम' हे तिचं पूर्ण नाव. १९५९ साली निघालेल्या 'ठुमरी' या संग्रहात ती आहे. रेणू बिहारमधल्या पूर्णिया भागातले, फारबिसगंजजवळच्या औराही हिंगना गावचे. तिथली माती, तिथली बोली, तिथल्या जत्रा त्यांनी इतक्या जवळून लिहिल्या की हिंदीतल्या प्रादेशिक कथेचं नाव काढलं की आधी त्यांचंच नाव येतं.

कथा तशी एका ओळीची. हिरामन नावाचा चाळिशीचा गाडीवान आणि हिराबाई नावाची नौटंकीतली बाई. मथुरामोहन नावाची कंपनी सोडून ती फारबिसगंजच्या जत्रेत दुसऱ्या कंपनीत नाचायला निघालीय आणि तिला पोचवायचं काम याच्या गाडीला मिळालंय. वाटेत दोघांचं जमतं. जत्रेत काही दिवस जातात. मग ती आगगाडीत बसून परत जाते आणि हा रिकामी गाडी घेऊन घरी निघतो. झाली कथा.

हिरामननं याआधी दोन शपथा घेतल्यात. एकदा काळ्याबाजाराचा माल वाहताना पोलिसांत सापडला आणि कसाबसा बैल घेऊन पळाला, तेव्हा पहिली. एकदा बांबू लादले आणि गाडीच्या पुढेमागे निघालेल्या लांबीनं जीव मेटाकुटीला आणला, तेव्हा दुसरी. तिसरी, शीर्षकातली, तो शेवटी घेतो: कंपनीच्या बाईची सवारी पुन्हा घ्यायची नाही. काळाबाजार, बांबू आणि ही बाई, तिन्ही एकाच ओळीत! बिचाऱ्यानं स्वतःचं मन असं सांभाळलं की हिशेबात तीही एक अवघड लादणीच झाली.

आता मुद्द्याचं. या कथेत मला प्रत्येक वाचनात अडवते ती एकच गोष्ट. गाडीत कोण बसलंय, हे हिरामन वाटेत भेटणाऱ्या कुणालाच खरं सांगत नाही.

टपाच्या गाडीला पडदा सोडलेला. समोरून दुसरे गाडीवान येतात, विचारतात, कुठली सवारी? हा छत्तापुर-पचीरा असं काहीतरी गावाचं नाव ठोकून देतो. पडद्याआड बसलेल्या हिराबाईला हसू आवरत नाही, नंतर ती त्याला विचारते, हे गाव आहे तरी कुठं? तोही हसत सुटतो. पुढे कुणी विचारतं तर सांगतो, सिरपूर बाजारच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आहेत, रोगी बघायला निघाल्यात. एका ठिकाणी तर थेट नवरी होते ती, माहेराहून सासरी निघालेली. गावातली पोरं पडद्याची गाडी बघून नवरीचं गाणं म्हणत मागे धावतात आणि याच्या मनात उकळ्या फुटतात, कारण आपल्या गाडीत आपलीच नवरी असावी हे त्याचं जुनं स्वप्न.

वाचताना फार गोड वाटतं हे. आणि खरंच आहे, त्या काळी, त्या मुलुखात, एकट्या बाईला रात्रीच्या गाडीतून नेताना असं बोलणं म्हणजे तिची अब्रू राखणंच होतं. नौटंकीवाली म्हटलं असतं तर चार टवाळ मागे लागले असते. म्हणून मी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण चिमे, जरा मोज. डॉक्टरीण झाली, नवरी झाली. चांदण्यात तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मनात चरकला होता, ही तर परी! म्हणजे परीही झाली. पुढे याचा मित्र पलटदास, भजनी माणूस, तिला बघतो आणि त्याला ती साक्षात सीतामाई वाटते. भक्तीच्या भरात तो तिचे पाय चेपायला बसतो आणि ती वैतागून त्याला हाकलते. मला तो प्रसंग कथेतला सगळ्यात खरा वाटतो. बाई प्रवासानं थकलीय, तिला पाठ टेकायचीय, आणि हा गृहस्थ तिची पूजा मांडून बसलाय!

आणि जत्रेत काय होतं? खेळ सुरू होतो, प्रेक्षकांतून कुणीतरी तिला बाजारबसवी म्हणतो आणि हिरामन व त्याचे मित्र मारामारीवर उतरतात. पोलीस येतो, मॅनेजर येतो. शेवटी 'ही हिराबाईंची माणसं' असं कळल्यावर त्यांना सोडून देतात आणि रुपयाच्या वर्गात खुर्च्यांवर बसवतात.

तर एकीकडे सीता आणि एकीकडे ती शिवी. मधे ती स्वतः कुठं आहे? रोज रात्री चेहरा रंगवून उभी राहणारी, पगार घेणारी, एका कंपनीतून दुसरीत जाणारी, दमणारी, हसणारी हिराबाई कुणाला हवीय? हिरामनचं तिच्यावर प्रेम आहे, शंकाच नाही. पण त्याचा सगळा आदर एका गोष्टीवर उभा आहे, की ती 'तशी' नाही. लोक तिला 'तशी' म्हणाले की तो डोकी फोडायला तयार. पण असेना का ती तशी, मला चालेल, असं त्याच्या मनात एकदाही येत नाही.

आता तुझ्याकडे येते.

तू मला कौतुकानं सांगितलंस, "ताई, तो म्हणतो तू इतर मुलींसारखी नाहीस." तुझ्या आवाजात साखर होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. हे वाक्य ऐकलं की मुलीनं एक प्रश्न लगेच विचारावा: इतर मुली म्हणजे कशा रे? ज्यांची आधी कुठं बोलणी झाली होती अशा? ज्यांचा साखरपुडा मोडला अशा? ज्या आधी कुणाबरोबर सिनेमाला गेल्या होत्या अशा? त्याच्या मनातली ती यादी तुला कळायला हवी. कदाचित यादी नसेलही, गोड बोलायचं म्हणून बोलला असेल. मुलं बोलतात तसं. पण नक्की काय ते तुला ठाऊक नाही आणि तू त्याच यादीवर सुखानं बसलीयस.

दुसरं, ते फोनचं. त्याच्या आईनं फोन बघितला तर कळू नये म्हणून त्यानं तुझा नंबर 'कुरिअर अनिल' या नावानं ठेवलाय, हे सांगताना तू खळखळून हसलीस. मलाही हसू आलं. हिराबाईलासुद्धा आलं होतंच की! पहिल्या महिन्यात असलं काही गंमतीचं असतं, दोघांचं मिळून एक गुपित असतं, त्यात मजा असते. पण आता वर्ष होत आलंय. त्याच्या घरी तू अजून कुरिअरच आहेस. ट्रेकच्या ग्रुपमध्ये 'आमच्या ग्रुपमधली एक', ऑफिसात 'दुसऱ्या टीममधली', बहिणीला 'कुणी नाही गं'. प्रत्येक ठिकाणी नवीन सवारी. पडदा तुझ्या अब्रूसाठी आहे की त्याच्या सोयीसाठी, हे एकदा स्वच्छ उजेडात बघ. दोन्हीसाठी असू शकतो. फक्त त्याच्या सोयीसाठी असेल, तर मग अवघड आहे.

तो वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. लगेच तोंड पाडू नकोस. हिरामनही वाईट नव्हता. त्याच्यासारखा निर्मळ माणूस शोधून सापडायचा नाही. त्याची अडचण अशी, की त्याच्या घरी एक भावजय आहे.

ही भावजय कथेत फारशी येत नाही, पण सगळी कथा तिच्या धाकात चाललीय. हिरामनचं लहानपणीच लग्न झालं होतं, मुलगी सासरी नांदायला यायच्या आधीच गेली. तेव्हापासून भावजयीचा हट्ट, की याचं दुसरं लग्न कुमारिकेशीच होणार. आणि कुमारिका म्हणजे पाच-सात वर्षांची पोर! शारदा कायदा होऊन तेव्हा कितीतरी वर्षं लोटली होती. १९२९ साली तो झाला, मुलीचं वय निदान चौदा हवं म्हणून. पण खेड्यात कोण विचारतो कायद्याला. बिजवराला मुलगी देतंय कोण, तर ज्याला गरज पडलीय तो. मग याचं जमेना, आणि भावजयीपुढे सख्ख्या भावाचंही काही चालेना. शेवटी हिरामननं स्वतःची समजूत घातली, की लग्न करून कुणी गाडीवानी करू शकतं का? गाडीवानी काही सुटायची नाही, तेव्हा लग्नच नको.

वाच पुन्हा ते. घरच्यांच्या हट्टापुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून माणूस धंद्याचं कारण पुढे करतो. आता गाडीवानीच्या जागी 'ऑनसाइट' घाल, 'प्रमोशन झाल्यावर' घाल, 'आधी फ्लॅटचं होऊ दे' घाल. तुझा तो परवा काय म्हणाला होता? "एप्रिलमध्ये अप्रेजल झालं की घरी विषय काढतो." मागच्या एप्रिललाही हेच होतं ना? मी उगाच आठवण करून देतेय असं समज.

आणि जत्रेत हिरामनचे मित्र आपसात काय ठरवतात, माहितीय? हे गावात कुणाला कळता कामा नये. एक रात्र नौटंकी बघायची आणि मग जन्मभर गावाची बोलणी कोण खाणार! बघायचं तर आहे, रोज बघायचंय, दहा-दहा रात्री बघतात, पण गावाला कळू द्यायचं नाही. आपल्याकडे तमाशाच्या तंबूत पुढच्या रांगेत फेटा सावरत बसणारे आणि सकाळी गावात मान खाली घालून फिरणारे कमी होते का? 'पिंजरा' सिनेमात तर मास्तरांचं सगळं मोठेपण त्यातच ढासळलं. ती वेगळी गोष्ट, पुन्हा कधीतरी.

आता हिराबाईचं बोलते, कारण खरं तर तुला हिच्याकडे बघायला हवं.

सिनेमात जमीनदार येतो, पैशाचा जोर दाखवतो, तिला विकत घ्यायला बघतो. मूळ कथेत ते तसं ठळक नाही. ती परत का जाते, हे रेणू उलगडून सांगत नाहीत. आपल्या मुलखाच्या, जुन्या कंपनीत परत चाललीय एवढंच ती म्हणते. बाकी सगळं स्टेशनावरच्या त्या थोड्या वेळात आहे. जत्रेत खिसेकापू फार, म्हणून हिरामननं आपली पैशाची थैली तिच्याकडे ठेवायला दिलेली असते. ती थैली ती कुडत्याच्या आतून काढून त्याच्या हातात देते. थैली तिच्या अंगाची ऊब घेऊन आलेली असते. मग ती आपल्या जवळचे पैसे त्याला देऊ करते, गरम चादर घे म्हणून. आणि पहिल्यांदाच हा साधा माणूस तिच्यावर चिडतो. सारखं काय पैसे पैसे! ठेवा तुमचे पैसे, काय करू चादर घेऊन? चिमे, लग्नाची मागणी घालायला याच्याहून जवळ तो कधीच आला नसेल. पण ते शब्द काही तोंडातून निघत नाहीत. ती बनैलीच्या जत्रेला येशील ना विचारते, पुढे महुआ घटवारिनचा विषय काढते. ही महुआ म्हणजे वाटेत हिरामननंच गाऊन सांगितलेल्या लोककथेतली मुलगी, सावत्र आईनं सौदागराला विकलेली. त्या महुआला सौदागरानं विकत घेतलंय, असं ती स्वतःबद्दल सुचवते. गाडी सुटते.

बहुतेक लोक म्हणतात, काय मोठ्या मनाची बाई, त्याचं आयुष्य नासू नये म्हणून निघून गेली. मला हे फारसं पटत नाही. मोठ्या मनाची आहेच. पण तिनंही त्याला विचारलं नाही. हा इतका भोळा आहे, याला माझं खरं जगणं पेलणार नाही, असं तिनंच ठरवलं आणि तिनंच निकाल दिला. त्यानं तिला देवी केलं, तर तिनं त्याला देवाघरचं मूल केलं. दोघांनी एकमेकांना इतकं उंच ठेवलं की बोलायला कुणी खाली उतरलंच नाही.

आता तुझं फोनवरचं वाक्य आठव. "ताई, तो फार साधा आहे गं, त्याला धक्का बसेल." बसू दे! अठ्ठावीस वर्षांचा घोडा आहे तो. गृहकर्जाचे हप्ते त्याला झेपतात, सिंहगड धावत चढतो, वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी चार रात्री दवाखान्यात काढल्या म्हणालीस. अशा माणसाला एका मोडलेल्या साखरपुड्याचा धक्का सोसणार नाही, हे तू कशावरून ठरवलंस? त्याला जपतेयस असं तुला वाटतं. मला विचारशील तर तू त्याला लहान समजतेयस. आणि त्याच्या तोंडून 'नको' ऐकायची भीती तुला आहे, ती त्याच्या साधेपणाच्या नावावर खपवतेयस. ती भीती मला कळते. मी असते तर मलाही वाटली असती.

तेव्हा सांग. माझं उत्तर हे.

कधी? घरी विषय निघायच्या आधी. एकदा का मोठी माणसं बैठकीला बसली, की मग ती गोष्ट तुझी राहत नाही, दोन घरांची होते. तुझा मोडलेला साखरपुडा अर्ध्या सातारा जिल्ह्याला माहीत आहे. पावणेतीनशे माणूस जेवलं होतं त्या दिवशी. त्याची कुणी आत्या, कुणी चुलतमामी तुझ्या आधी सांगायला बसलेलीच असणार आणि ती काय तिखटमीठ लावून सांगेल याचा तूच विचार कर. त्यानं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर साखरपुडा बाजूला राहील आणि लपवलं कशाला, यावरच तुझी उलटतपासणी होईल.

कसं? व्हॉट्सॲपवर नाही. ट्रेकला, चार जणांच्या गराड्यात नाही. त्याच्या वाढदिवशी तर मुळीच नाही. दिवसाउजेडी, कुठंतरी बसून, दोघंच. आणि थोडक्यात. "माझा साखरपुडा झाला होता. नोकरी सोडावी लागेल असं त्यांनी नंतर सांगितलं, म्हणून मी मोडला." एवढंच. यात कुठंही 'सॉरी' नाही, हे नीट बघ. तुला सवय आहे, दार उघडतानासुद्धा सॉरी म्हणतेस. इथं म्हणायचं नाही. तू कुणाचं काही चोरलेलं नाहीस. उलट त्या दिवशी जे केलंस ते करायला घरातल्या कुणाचीच छाती झाली नव्हती, माझीही नाही. साडी, अंगठी, चांदीचं ताट सगळं यादी करून परत पाठवताना मावशीचे हात थरथरत होते आणि तू पावती मागत होतीस. ती मुलगी त्याला भेटू दे की एकदा! त्याला माहीत असलेली मुलगी कुणी दुसरीच आहे.

मग तो काय विचारतो ते ऐक. "घरी कुणाला माहीत आहे?" असं पहिलं विचारलं तर त्याचं मन अजून भावजयीच्या अंगणात आहे असं समज. "मग आपण हे घरी कसं सांगायचं?" असं विचारलं तर तो निदान तुझ्या बाजूला येऊन उभा राहिलाय. "तुला तेव्हा फार त्रास झाला का?" विचारलं तर मला लगेच फोन कर. पण एक लक्षात घे, पहिल्या वाक्यावरून त्याला फासावर देऊ नकोस. माणूस गडबडतो. गप्प बसेल, घड्याळाकडे बघेल, काहीतरी मूर्खासारखं बोलेल. त्याला एक रात्र दे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून त्या विषयाकडे येतो की हवापाण्याच्या गप्पा मारतो, त्यावरून तुला पुरेसं कळेल.

आणि तुझं सांगून झालं की त्याला विचारायचं. माझं घरी कधी सांगणार? कुणाला आधी सांगणार? तारीख माग. अप्रेजलच्या आधीची माग. यात लाज कसली? भाजीवाल्याला भाव विचारतेस, घरमालकाशी डिपॉझिटवरून भांडतेस, आणि ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्याला तारीख विचारताना तुझी जीभ का अडखळते? आपल्याला शिकवलंय की मुलीनं विचारायचं नसतं, मुलीला विचारतात. बघायच्या कार्यक्रमातसुद्धा बघ ना, पोह्यांची ताटली आपण न्यायची, प्रश्न त्यांनी विचारायचे, आणि शेवटी "तुला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर मान हलवायची. माझ्या वेळी मी विचारलं होतं, तुमच्या घरी धुणं कोण धुतं? सासूबाई अजून सांगतात सगळ्यांना. पण त्या घरात मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं काय आहे ते.

तो नाही म्हणाला तर? तर रडशील. मी येईन. मावशीला काही सांगायची गरज नाही. पण हिरामनसारखी शपथ घेऊन बसू नकोस, की आता पुन्हा कुणावर जीव लावणार नाही वगैरे. कथेच्या शेवटी तो रिकामी गाडी हाकतो, बैल रेल्वेच्या रुळांकडे वळून वळून बघत असतात, तर हा त्यांच्यावरच ओरडतो, काय बघताय तिकडं! बघायचंय त्याला स्वतःला आणि मार खातायत बैल. असं नको. सिनेमाच्या वेळी वितरकांना गोड शेवट हवा होता असं सांगतात, दोघांचं लग्न लावून द्या म्हणे. शैलेंद्र बधला नाही. गोष्टीत त्याचं बरोबरच होतं. तू काही गोष्टीत नाहीस, तेव्हा तुझा शेवट गोड झाला तर माझी हरकत नाही.

पुस्तक मी जाणाऱ्याच्या हाती पाठवते. हिंदी अवघड नाही, पूर्णियाची बोली मधे मधे येते, पण मोठ्यानं वाचलंस की आपोआप कळते. हिराबाई हिरामनला पहिल्यांदा नाव विचारते, दोघांचंही 'हिरा' निघतं, ती त्याला 'मीता' म्हणायला लागते आणि हा लाजून लाल होतो, ते पान दोनदा वाच.

आणि हो, साताऱ्याहून आलेला तो बँकेतल्या मुलाचा बायोडेटा मावशीनं माझ्याकडे दिलाय, तुला पाठवायला म्हणून. तो मी अडकवून ठेवलाय. पत्रिका जुळत नाही, मंगळाचं काहीतरी आहे, असं सांगेन. महिनाभर तरी पुरेल. त्याच्या पुढे माझं चालणार नाही, तेव्हा तुझं काय ते त्याच्या आत कर.